योगाच्या विविध शाखा आणि धानपट्ट्यातील जीवन

(साकोली तालुक्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी २१ जून रोजी गावोगावी योग दिन साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी यासंबंधीचा ठराव संमत केला, १७७ देशांनी तो पुरस्कृत केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. साकोलीच्या परिसरात हे दिवस मोठ्या घाईचे असतात. मृग सरत आलेला असतो, आर्द्रा लागण्याच्या बेतात असते, शेतकरी धानाचे पऱ्हे टाकण्यात गुंतलेला असतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा उघडत असल्याने शिक्षकांचीही धावपळ चाललेली असते. अशाही परिस्थितीत सतरंज्या अंथरल्या जातात, आसने होतात, छायाचित्रे घेतली जातात. दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात.

त्यानंतर काही आठवड्यांतच रोवणी सुरू होते. तालुक्यातील असंख्य स्त्रिया सकाळपासून सायंकाळपर्यंत चिखलात उभ्या राहून, कमरेत वाकून एकेक रोप लावीत जातात. रोवणी संपेपर्यंत पाठ, कंबर आणि मांड्या भरून येतात. घरी आल्यावर चूल आणि पाणी त्यांची वाट पाहत असतेच. योगाची निकड या शरीरांना सर्वांत अधिक आहे. परंतु २१ जूनच्या सतरंजीवर त्यांच्यापैकी फार थोड्याजणी येऊ शकतात. म्हणून योगाच्या शाखा कोणत्या, त्यांपासून लाभ कोणते, आणि त्यांपैकी काय, कोणी, केव्हा करावयाचे, याचा विचार या धानपट्ट्याच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

योगाच्या प्रमुख शाखा

योग म्हटले की सामान्यतः डोळ्यांपुढे आसनेच येतात. वस्तुतः आसन हे योगाचे एक अंग आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आसपास सूत्रे आहेत आणि त्यांत आसनाविषयी प्रत्यक्ष सांगणारी सूत्रे अवघी तीन आहेत. आसन स्थिर असावे आणि सुखकर असावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ही त्यांनी सांगितलेली आठ अंगे. या मार्गाला पुढे राजयोग असे नाव रूढ झाले. चित्ताची चंचलता कमी करणे हा त्याचा हेतू आहे आणि मनाची एकाग्रता हा त्याचा व्यवहारातील लाभ आहे.

भगवद्गीतेत कर्मयोग, भक्तियोग, ज्ञानयोग आणि ध्यानयोग यांचे विवेचन आले आहे. कर्मयोग म्हणजे वाट्याला आलेले काम फळाची आसक्ती न धरता, पण कसोशीने करणे. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ मध्ये मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच मार्गाचा पुरस्कार केला. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली आणि ती खेड्यापाड्यांतील वाचकांपर्यंत पोचली. भक्तियोगाची वाट महाराष्ट्राला वारकऱ्यांनी दाखविली. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाईची आणि गावाच्या उन्नतीची जोड दिली. मनाला आधार आणि माणसांना एकत्र येण्याची सवय हा या मार्गाचा लाभ आहे. ज्ञानयोग म्हणजे विचाराने व विवेकाने सत्याचा शोध घेणे. अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांना तो सहज जवळचा वाटावा असा आहे.

योगाची आणखी एक जुनी वाटणी मंत्रयोग, लययोग, हठयोग आणि राजयोग अशी आहे. मंत्रयोगात जपाचा आधार घेतला जातो. लययोगात चित्त एखाद्या सूक्ष्म आलंबनात विलीन करावयाचे असते. हठयोगात शरीर व श्वास यांच्याद्वारे मनाकडे जावयाचे असते. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिके’त पंधरा आसने वर्णिली आहेत, शिवाय नेती, धौती, बस्ती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा शुद्धिक्रिया, तसेच प्राणायाम, मुद्रा व बंध यांचे वर्णन आहे. आज जगात योग म्हणून जे शिकविले जाते, त्याचा बराचसा भाग हठयोगाच्या परंपरेतून आलेला आहे.

मराठी माणसाला ही परंपरा परकी नाही. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी नाथपंथाची परंपरा ज्ञानदेवांपर्यंत येते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे आणि कुंडलिनीचे विस्तृत वर्णन मराठीत आले आहे. तेव्हापासून या विद्येची भाषा मराठी वाचकाच्या कानांवर आहे.

प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास

विसाव्या शतकात ही विद्या सामान्य माणसाच्या दारी आणण्याचे पुष्कळसे कार्य महाराष्ट्राच्या भूमीवर घडले. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोवा येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली आणि संसारी माणसाला योगाभ्यास खुला केला. स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांकडे व्यायामाचे आणि परमहंस माधवदासजींकडे योगाचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाने अमळनेरला शिक्षणक्षेत्रातही काम केले होते. उड्डियान व नौली या क्रिया चालू असताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या साहाय्याने तपासले. या प्रयोगांचे वृत्तान्त ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात १९२४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. योगाचे जे फल सांगितले जाते ते मोजून पाहावे आणि जेवढे दिसेल तेवढेच सांगावे, ही त्यांची वृत्ती आजही अनुकरणीय आहे.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची आणि भिंत यांचा आधार देऊन वृद्ध व आजारी माणसालाही आसन करता येईल अशी पद्धती त्यांनी सिद्ध केली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रचार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो रुजविला. साकोलीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या नागपुरात जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे विनामूल्य योगवर्गांची परंपरा सुरू केली. ती आजही चालू आहे. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणाबरोबर योगशिक्षणाचेही कार्य करीत आहे. मार्गदर्शनासाठी दूर जाण्याची गरज विदर्भाला नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

रोवणी आणि कंबर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोवणीत शरीर सतत पुढे वाकलेले असते. पाठीचे स्नायू ताणलेले राहतात, मणक्यांमधील चकत्यांवर पुढील बाजूने दाब येतो आणि मांड्यांच्या मागील शिरा आखडतात. कापणीच्या दिवसांतही हीच स्थिती असते. अशा स्त्रीला सायंकाळी पुन्हा पादहस्तासन किंवा पश्चिमोत्तानासन, म्हणजे पुढे वाकण्याचीच आसने, करावयास सांगणे शहाणपणाचे होणार नाही. तिच्या शरीराला दिवसभराच्या उलट दिशेची, सौम्य हालचाल हवी असते.

त्यासाठी चार-पाच साधी आसने पुरेशी आहेत. प्रथम पालथे झोपून, दोन्ही हातांवर डोके टेकवून मकरासनात दोन-तीन मिनिटे पडून राहावे. नंतर कोपरे जमिनीवर टेकवून फक्त छाती उचलावी. हे भुजंगासनाचे सोपे रूप होय. तीन-चार वेळा सावकाश उचलावे व खाली यावे. त्यानंतर अर्धशलभासनात एकेक पाय आळीपाळीने थोडासा उचलावा. मग उताणे होऊन एकेक गुडघा पोटाशी हलकेच घ्यावा आणि शेवटी पाच मिनिटे शवासन करावे. एकूण वेळ पंधरा मिनिटे. हे सर्व जेवणापूर्वी, चटईवर किंवा घोंगडीवर करता येते. बांधीत काम चालू असताना तासा-दीड तासाने धुऱ्यावर येऊन ताठ उभे राहणे, कमरेवर हात ठेवून किंचित मागे झुकणे आणि दोन-चार दीर्घ श्वास घेणे, एवढे केले तरी आराम पडतो.

याला आधुनिक वैद्यकाचाही आधार आहे. जुनाट कंबरदुखीवर औषधाच्या आधी ज्या उपायांचा विचार व्हावा, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली योगाचा समावेश केला. तथापि कंबरेतून पायापर्यंत कळ जात असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाय लुळा वाटत असेल, तर आसने थांबवून प्रथम डॉक्टरांना दाखविले पाहिजे. गरोदर स्त्रियांनी पालथे झोपून करावयाची आसने करू नयेत.

बैठे काम करणारे व विद्यार्थी

विडी वळणारी स्त्री सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसते. तिचा त्रास मानेचा, खांद्यांचा आणि डोळ्यांचा असतो. तिने दोन्ही हात पाठीमागे गुंफून छाती उघडावी, खांदे वर-खाली व मागे फिरवावेत, मान सावकाश उजवीकडे व डावीकडे वळवावी. ती झटक्याने गोल फिरवू नये. दृष्टी दूरच्या झाडावर किंवा तलावाच्या पलीकडील काठावर थोडा वेळ ठेवावी. अनुलोम-विलोम तिने तंबाखूच्या धुळीत न करता मोकळ्या हवेत करावा. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांनी त्यात रोजच्या चालण्याची भर घालावी, कारण शेतमजुराला जो व्यायाम आपोआप घडतो तो त्यांना घडत नाही.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना चापल्य हवे, तोल हवा आणि एकाग्रता हवी. सूर्यनमस्काराने सर्वांगाला व्यायाम घडतो, वृक्षासनाने तोल साधतो. परिपाठाच्या वेळी दोन मिनिटे डोळे मिटून केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष दिले, तर ती धारणेची पहिली पायरी होते. लहान मुलांकडून श्वास कोंडून धरण्याचा अभ्यास करून घेऊ नये. आसनांची स्पर्धा लावण्याचा मोहही टाळावा. कोण किती वाकला यापेक्षा कोण स्थिर राहिला याला योगात महत्त्व आहे.

वृद्धांसाठी अय्यंगारांची आधाराची पद्धती उपयोगी आहे. भिंतीला टेकून उभे राहणे, खुर्चीवर बसून हात वर नेणे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला किंचित अधिक वेळ देणे, हे सत्तरीतील माणसालाही जमते. मन शांत होते, झोप सुधारते. रक्तदाबाच्या रोग्यांना नियमित अभ्यासाने काहीसा लाभ होतो असे दिसून आले आहे. मात्र तेवढ्यावर गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

यम-नियम आणि गावाचा कारभार

अष्टांगांतील पहिली दोन अंगे यम व नियम ही आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे नियम. योग दिनाच्या कार्यक्रमात यांना क्वचितच स्थान मिळते. परंतु पंचायत सदस्याच्या कामाशी यांचाच संबंध अधिक जवळचा आहे.

शौच म्हणजे स्वच्छता. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हातात खराटा घेऊन ती गावोगावी शिकविली आणि त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. सांडपाण्याच्या डबक्याशेजारी बसून केलेला प्राणायाम पुरेसा लाभ देणार नाही, हे सांगावयास योगशास्त्राची गरज नाही. अस्तेय म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचे न घेणे. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. येथील जुने मालगुजारी तलाव ही कोहळी समाजाच्या कौशल्याची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाची देणगी आहे. पाऊस ओढ धरतो तेव्हा तलावाचे पाणी वरच्या शेतकऱ्याने आपली गरज भागताच पुढे सोडावे आणि ते शेवटच्या बांधीपर्यंत पोचावे, हा अस्तेयाचा आणि अपरिग्रहाचा गावपातळीवरील अर्थ आहे. त्याच तलावातील गाळ काढण्यासाठी सर्वांनी मिळून केलेले श्रमदान म्हणजे कर्मयोग. या शाखांचा लाभ एका शरीरापुरता न राहता सगळ्या गावाला मिळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या जिल्ह्यात हिंदू, बौद्ध, मुस्लिम व आदिवासी बांधव शेजारी-शेजारी राहतात. मंत्र म्हणावा की न म्हणावा हे ज्याचे त्याने ठरवावे. मंत्राविना केलेले आसन किंवा श्वासाचे निरीक्षण यांपासून शरीराला मिळणारा लाभ कमी होत नाही. योगवर्गात येताना कोणालाही संकोच वाटू नये, ही जबाबदारी वर्ग चालविणाऱ्यांची आहे.

मर्यादा ओळखणे अगत्याचे

योगाची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विदर्भाच्या या भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. योगाने तो बरा होत नाही. या रोग्यांना अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि प्राणवायूची कमतरता यांपासून जपावे लागते. म्हणून श्वास रोखून धरण्याचा कुंभक, वेगाने करावयाची भस्त्रिका आणि दमछाक करणारे आसनांचे आवर्तन त्यांच्याकडून करून घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य हालचाली, शांत श्वसन व शवासन त्यांना करता येईल. सिकलसेल निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तपासणी करून घेणे आणि चालू औषध न सोडणे हाच त्यातील मुख्य मार्ग आहे. शिक्षकांनी वर्गातील अशा मुलांची माहिती ठेवावी आणि त्यांना इतरांपुढे कमी न लेखता वेगळा अभ्यास द्यावा.

क्षयरोग, हिवताप, सर्पदंश अशा प्रसंगी प्रत्येक तास मोलाचा असतो. तेथे योगाचे किंवा अन्य कशाचे नाव घेऊन दवाखाना लांबणीवर टाकणे म्हणजे जीवाशी खेळणे होय. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये. पुस्तकात किंवा पडद्यावर पाहून धौती, बस्ती यांसारख्या क्रिया करू नयेत. त्यांना जाणकार शिक्षक समोर असावाच लागतो.

२२ जूनपासून काय करावे?

योगाचे फळ अभ्यासाने मिळते आणि अभ्यास या शब्दातच सातत्य गृहीत आहे. वर्षातून एक दिवस दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक हितकर आहेत. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. वेळ व जागा लोकांच्या सोयीने ठरविण्याची आवश्यकता आहे.

ग्रामपंचायतीने समाजमंदिर किंवा शाळेचा वऱ्हांडा सकाळी व सायंकाळी ठराविक वेळी उघडा ठेवावा. पावसाळ्यात ओल न येणारी जागा पाहावी. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रांच्या कामात योगाचा समावेश आहेच. तेथील कर्मचाऱ्यांनी रोवणीपूर्वी गावात येऊन कंबरेची चार आसने शिकवावीत आणि कोणी काय करू नये हेही सांगावे. स्त्रियांना स्वतंत्र वर्गाला येणे कठीण जाते. म्हणून बचत गटाच्या बैठकीतच पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. प्रत्येक गटातील एक-दोघींनी नीट शिकून घेतले तर त्या रोवणीच्या बांधीवरच इतरांना दाखवू शकतील. शिक्षकांनी परिपाठातील दोन मिनिटांचा नेम मोडू देऊ नये. आणि घरातील पुरुषांनी सायंकाळचे पाणी भरण्याचे किंवा चूल पेटविण्याचे काम उचलले, तर दिवसभर वाकलेल्या स्त्रीला ती पंधरा मिनिटे खरोखरच मिळतील. गीतेतील कर्मयोगाला घराच्या उंबरठ्याच्या आत याहून चांगला आरंभ सापडणे कठीण आहे.

योगाच्या शाखा अनेक आहेत आणि प्रत्येकीचा लाभ वेगळा आहे. शेतमजुराला पाठीचा आराम, विद्यार्थ्याला एकाग्रता, वृद्धाला स्वस्थ झोप आणि पंचायतीला यम-नियमांची शिस्त, असा ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे त्यांचा उपयोग करून घ्यावयाचा आहे. पुढील २१ जूनला सतरंज्या अंथरल्या जातील तेव्हा गावातील स्त्रियांना एकच प्रश्न विचारावा : गेल्या रोवणीत कंबरेला काही उतार पडला का? त्यांचे उत्तर ‘होय’ असे आले, तर साकोली तालुक्यात योग रुजला असे म्हणावयास हरकत नाही.